भिलाच्या पिक्चरमधला हिरो

शांतीलालला घोड्यावर बसता येत नव्हतं, ही गोष्ट साऱ्या तापीकाठी दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरा भिला. तिसरी ती घोडी, पण तिला कोण विचारतो.

आणि हे गाव कुठलं, तर सारंगखेड्याच्या शेजारचं. दत्तजयंतीला जिथं घोड्यांचा एवढा बाजार भरतो की पाळण्यातलं पोरही आधी टापा ओळखतं आणि मग आईचा आवाज. अशा ठिकाणी गुजराच्या घरातला, केळीचा नि उसाचा बागायतदार, उंचापुरा, मिशीला पीळ भरलेला गडी घोड्याला भितो म्हटल्यावर गावानं त्याचं काय केलं असतं, ते सांगायला नको. लहानपणी एका शिंगराने त्याच्या दंडाला चावा घेतला होता. दंडावरचा वण गेला, मनातला राहिला. भिलाला हे माहीत होतं आणि भिला कुणाला बोलला नाही. भिला तसा कुणालाच फारसं काही बोलत नसे. बोलला तर तोंडातल्या तोंडात, जसा काही गुळाचा खडा दाढेखाली धरून ठेवलाय.

दोघं एका वर्गात होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये शांतीलाल दरवर्षी राजा व्हायचा, कारण त्याचा आवाज पार नदीच्या पलीकडे जायचा. आणि भिला दरवर्षी पडदा ओढायचा. दोघांचंही आपापल्या कामात समाधान होतं. पुढं शांतीलालच्या घरची केळी वाढली, भिलाच्या वाट्याला थोडी कोरडवाहू आणि मामाच्या घोड्यांची राखण आली. पण मैत्री तुटली नाही. पोळ्याच्या पुरणाचं ताट अजून एका घरून दुसऱ्या घरी जातं.

तर वीस-बावीस वर्षांमागची गोष्ट. नंदुरबारला भूपेश म्हणून लग्नाची शूटिंग करणारा एक पोरगेला गडी होता, त्याने नवा कॅमेरा घेतला. शांतीलालच्या एका नातलगाच्या लग्नात तो आला आणि बोलता बोलता म्हणाला की काका, तुमच्यासारखा चेहरा लग्नाच्या पंगतीत वाया चाललाय. एवढं वाक्य पुरलं. शांतीलालने महिनाभर उसाला पाणी द्यायचं काम सालदारावर टाकलं आणि बसून पिक्चर लिहिला. नाव ठेवलं ‘तापीकाठचा सूड’. सुरतेला नोकरीला गेलेला यशवंत बापाच्या मरणाचा सूड घ्यायला गावी परततो, घोड्यावर बसून शपथ घेतो, घोड्यावर बसून दुष्मनांवर चालून जातो आणि शेवटी नदीच्या वाळूत प्राण सोडतो. प्राण सोडण्याआधी त्याचं भाषण. भाषण असं लांब की भूपेश म्हणाला, काका, एवढं रक्त गेलेला माणूस एवढं बोलत नाही. शांतीलाल म्हणाला, यशवंत बोलतो.

घोडी भिलाच्या मामाची. ती भिलाशिवाय कुणाजवळ उभी राहत नसे, म्हणून भिलाला तबेल्यातल्या गड्याचं काम मिळालं. बाकी सगळ्यांना शांतीलालने शुद्ध मराठीत संवाद लिहून दिले. भिलाला काही दिलं नाही. त्याला सांगितलं, तू घोडीला धर, पाण्यावर ने, धू आणि नदीकडे बघ.

पण शांतीलाल पाठीवर बसला की भीतीने त्याच्या मांड्या आवळायच्या, घोडी ओळखायची आणि बिथरायची; बाकीच्यांना वाटायचं, घोडीच वांड. मग भिला तिच्या कानाशी लागून पुटपुटत राहायचा. कॅमेरा चालू असला तरी पुटपुटायचाच. शांतीलाल वैतागून म्हणायचा, भिला, तोंड बंद ठेव, माझा सीन खराब होतोय.

भिला म्हणायचा, “मी नही बोली ऱ्हायनू भो. घोडीले समजाडी ऱ्हायनू.”

पिक्चर झाला. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबू घेतला, आत पडदा बांधला, भूपेशने पडद्यावर दाखवायचं मशीन भाड्याने आणलं. बाहेर शांतीलालचं घोड्यावरचं मोठं चित्र. यात्रा बघणाऱ्यांना ठाऊकच आहे, तिथं तंबूची जागा आपल्या हाती नसते. यांच्या एका बाजूला मौत का कुवा लागला, त्यात फटफट्या गरगर फिरत होत्या. दुसऱ्या बाजूला जनरेटर. आत माणसं बसली, पडद्यावर शांतीलालचं तोंड उघडझाप होत होतं आणि फटफट्यांच्या आवाजात शपथेतला अर्धा-मुर्धा शब्द कानावर येत होता. भिलाचे तर ओठ हलतात एवढंच दिसायचं. लोक म्हणायचे, हा काय चघळतोय? पहिल्या खेळाला भावबंद म्हणून जे आले ते शेंगा खाऊन उठले. दुसऱ्या खेळाला पोलीसपाटील एकटे राहिले, तेही डोळा लागला म्हणून. यात्रा उठायच्या कितीतरी आधी तो तंबू जादूगाराला देऊन टाकावा लागला आणि बाहेरच्या शांतीलालच्या चित्रावर जादूगाराने कापलेल्या बाईचं चित्र चिकटवलं.

घरी येताना बैलगाडीच्या चाकोरीतून ट्रॅक्टर हळूहळू चालला होता, तेव्हा शांतीलालला कुणावर तरी खापर फोडणं भाग होतं. तो म्हणाला, पिक्चर भिलाने बुडवला. तोंडातल्या तोंडात बोलला, लोकांना वाटलं आवाजच खराब आहे. हेच तो पुढं पारावर म्हणाला, सोसायटीत म्हणाला, पाहुण्यांत म्हणाला. गावानेही ते धरून ठेवलं. भिलाला कुणी डिवचलं की तो मान हलवायचा आणि म्हणायचा, हो बाबा, माझं तोंडच तसं आहे.

पुढं काही वर्षं गेली आणि शांतीलालच्या पुतणीचं, मयूरीचं लग्न झालं. मुलगा म्हसावदचा. शूटिंगला भूपेशच. आता यात झालं असं की ऐन फेऱ्यांच्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी उतरली आणि लग्नाची सीडी तयार झाली ती निम्मी रिकामी. गुजरांच्या लग्नात सीडी निम्मी रिकामी म्हणजे भूपेशच्या धंद्याची नाचक्की. कारण आपल्याकडे लग्नाची सीडी एका घरात राहत नाही. ती सासरच्या भावकीत फिरते, माहेरच्या फिरते, सुरतेला जाते, मावशीकडून मामीकडे जाते, आणि प्रत्येक घर ती अख्खी बघतं, कारण आपण कुठं दिसतो ते बघायचं असतं. भूपेशने डोकं लढवलं. हिरो तर नवरीचा काकाच आहे, म्हणून त्याने उरलेल्या जागेत ‘तापीकाठचा सूड’ भरून टाकला आणि सगळ्या घरांना सीड्या पोचवल्या.

वऱ्हाड संपलं की यशवंत सुरू. बायका मिरचीचे देठ खुडायला बसायच्या, पापड-बिबडे लाटायला बसायच्या, टीव्ही चालू. घरात ना फटफट्या, ना जनरेटर. आणि तेव्हा पहिल्यांदा लोकांना ऐकू आलं की भिला काय बोलतो.

यशवंत शपथ घेऊन खाली उतरला की भिला घोडीला पाण्यात नेतो, तिची पाठ चोळतो आणि तिला म्हणतो, “तुन्हा मालक सूड लेवाले जाई ऱ्हायना. तुले कोनी इचारं का?” मग जरा थांबून, पाण्याचा हबका मारत म्हणतो, “भांडन त्यासनं, पयनं तुले.”

भांडण त्यांचं आणि पळायचं तू. एवढंच. पण म्हसावदच्या घरात बिबड्यांवरच्या बायका हसून हसून लाटणी टाकून बसल्या. मागे घे, मागे घे म्हणाल्या. मग सीडी पुढच्या घरी गेली. तिथून शहाद्याला, तिथून सुरतेला. वरातीत धावपळ करणारे करवले एकमेकांना म्हणू लागले, भांडन त्यासनं, पयनं तुले. निवडणुकीत झेंडे घेऊन पळणारी पोरं म्हणू लागली. आणि पिक्चरचा शेवट, जिथं यशवंत मेल्यावर भिला एकट्या घोडीला नदीवर नेतो आणि काहीतरी बोलतो, तिथं तर म्हाताऱ्या पदराने डोळे पुसायच्या. यशवंत मेला तेव्हा कुणी पुसले नव्हते. बायकांनी एक रीत पाडून घेतली होती. शांतीलाल पडद्यावर आला की आवाज बारीक, भिला आला की मोठा.

शांतीलालने यातलं काही पाहिलं नाही. तंबूतल्या त्या दिवसानंतर त्याने पिक्चरकडे पाठ केली होती. कुणाच्या घरी लागला की तो चपला घालून बाहेर. पण कानावर येणं थोडंच थांबतं. पहिल्यांदा त्याला डंख बसला तो म्हसावदला. व्याह्यांकडे बारशाला गेला, ओटीवर पाट मांडलेला, एक पाहुणे निरखून निरखून त्याच्याकडे बघत होते. शांतीलालने मिशीवर बोट फिरवलं. पाहुणे म्हणाले, “तुम्ही भिलाभाऊंच्या पिक्चरमध्ये होते ना? घोड्यावर?”

भिलाभाऊंच्या पिक्चरमध्ये! ज्याने लिहिला, ज्याने मिरवला, ज्याने वाळूत पडून अंगाला चटके घेतले, तो भिलाभाऊंच्या पिक्चरमध्ये होता. शांतीलालच्या घशाखाली त्या दिवशी लापशी उतरली नाही.

मग हे जागोजागी व्हायला लागलं. नंदुरबारला मिरची घेऊन गेला तर स्टेशनपासून बाजारापर्यंत त्याच्या पुढे एक रिक्षा, आणि तिच्या मागे लाल अक्षरांत तेच वाक्य. ओव्हरटेक करावं तर पुढं बैलगाडी. सारा रस्ता त्याला ते वाचत जावं लागलं. बरं, भिला काही मिरवतो म्हणावं तर तेही नाही. कुणी त्याला ते वाक्य म्हणून दाखवायला लावलं तर तो लाजून म्हणायचा, माझ्या काही लक्षात नाही. शांतीलालला हे जास्तच लागायचं. अरे, मिळालंय तर घे ना. ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही आणि ज्याला मिळतं त्याला हात पुढं करायची शुद्ध नाही. तो रात्रंदिवस मनात भिलाशी भांडायचा आणि सकाळी भिला दारात आला की त्याला चहा द्यायचा.

आणि एक दिवस कहर झाला. गोठ्यामागून जाताना त्याने आपल्या बायकोचा, तापीबाईचा आवाज ऐकला. ती म्हैस धूत होती. म्हशीच्या पाठीवर पाणी मारत, अगदी त्या चालीत, तोंडातल्या तोंडात ती म्हणत होती, भांडन त्यासनं, पयनं तुले. शांतीलालने विचारलं, आमची शपथ नाही येत का तुला पाठ? तापीबाई म्हणाली, येते की, पण म्हशीला घाबरवायचं कशाला.

सीड्या मात्र फिरून फिरून झिजल्या. पिक्चर सीडीच्या शेवटी, म्हणजे कडेला, आणि बायकांची बोटं नेमकी कडेला. त्यामुळे शेवटचा भाग सगळ्याच घरांत अडकू लागला. भिला घोडीला घेऊन नदीत उतरतो, तोंड उघडतो आणि पडद्यावर चौकोन चौकोन. पुढं लोकांनी मोबाईलमध्ये घेतला, पेनड्राइव्हमध्ये घेतला, पण घेतला तो त्याच झिजलेल्या सीड्यांवरून. शेवटी भिला काय म्हणाला होता, हे ज्याला त्याला आपापल्या परीने आठवायचं. भूपेशकडची प्रत केव्हाच पुसली गेली होती आणि मूळ कॅसेटी एकट्या शांतीलालच्या लोखंडी कपाटात होत्या. मयूरीने कितीदा मागितल्या. शांतीलाल म्हणायचा, उंदरांनी खाल्ल्या.

गेल्या उन्हाळ्यात शांतीलालच्या मुलाचं, लखनचं लग्न ठरलं. आता लग्नात मांडवात मोठा एलईडी पडदा लावतात, तसा यांनीही ठरवला. मयूरी म्हसावदहून आली ती हट्टच धरून. म्हणाली, काका, मांडवाच्या दिवशी दुपारी सगळी भावकी बसलेली असते, आपला पिक्चर लावायचा, तोही चांगला, मूळ कॅसेटीवरून. माझ्या सासूबाईंना मरायच्या आधी एकदा भिलाकाकांचा शेवट नीट ऐकायचाय.

शांतीलाल एवढ्या सहज हो म्हणाला की तापीबाईने चुलीवरून वळून पाहिलं. कॅसेटी धडधाकट निघाल्या. तो म्हणाला, उंदीर निघून गेले असतील.

दुसऱ्या दिवशी कॅसेटींची पिशवी घेऊन तो नंदुरबारला, भूपेशच्या मिक्सिंगच्या दुकानात. भूपेशचे आता केस विरळ झालेले. शांतीलालने त्याला शांतपणे समजावलं की पिक्चर लांबलाय, लोकांना आता धीर राहिला नाही, तेव्हा गोष्टीला सोडून जे जे आहे ते काढून टाकावं. भूपेशने विचारलं, म्हणजे तुमचं भाषण? शांतीलाल म्हणाला, भाषण म्हणजेच गोष्ट आहे. काढायचं ते घोडी धुण्याचं.

भूपेशने कॉम्प्युटरवर पिक्चर पुढे-मागे करून पाहिला. मग म्हणाला, “काका, भिलाकाका काढले तर पिक्चरमध्ये तुम्ही आणि घोडी एवढेच उरतात. त्यातून घोडीचं काम चांगलं आहे.”

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, आणि लखनच्या लग्नाची ऑर्डर त्याचीच. तो कापायला बसला. कापायचं तर कुठून कुठपर्यंत, हे दाखवायला शांतीलालला शेजारी बसावं लागलं आणि कानाला हेडफोन लावावे लागले.

म्हणून शांतीलालने आयुष्यात पहिल्यांदा भिला ऐकला.

पहिला नदीचा भाग ऐकला आणि त्याचा चेहरा काही बदलला नाही. म्हणाला, पुन्हा लाव. पुन्हा ऐकला. तो चूक शोधत होता. एखादा शब्द ओढून-ताणून आणलेला निघावा, कुठं भिला कॅमेऱ्याकडे चोरून बघताना दिसावा, लोकांना हसवायची हाव कुठं तरी डोकावावी. एवढं मिळालं असतं तरी त्याला झोप आली असती. काही मिळालं नाही. शेवटचा भाग तर त्याने इतक्यांदा लावायला सांगितला की भूपेश चहा पिऊन आला. त्या भागात कडेला यशवंतचं प्रेत पडलेलं दिसतं. म्हणजे शांतीलाल स्वतः तिथं, वाळूत, डोळे मिटून पडलेला. हे सगळं त्याच्या कानापासून हातभर अंतरावर बोललं गेलं होतं, आणि तेव्हा तो मनात म्हणत होता की हा भिल्या माझं मरण बिघडवतोय.

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. घाम पुसला. भूपेशला वाटलं, काकांचं मन फिरलं.

“काढ,” शांतीलाल म्हणाला.

वाईट असतं तर त्याने ठेवलं असतं.

मांडवाचा दिवस उजाडला. मांडवाखाली वरण-बट्टीची पहिली पंगत उठली, दुसरी मागे बसली, भावकी पोटावर हात ठेवून गाद्यांवर रेलली. म्हसावदचे आले, सुरतेचे आले. मयूरीच्या सासूबाई, दगूबाई, त्यांना पडद्यासमोर खुर्ची. भिला सकाळपासून राबत होता. बट्ट्या शेकायला तोच, पाण्याचे पिंप भरायला तोच, आणि नवरदेवाची घोडीही त्याच्याच ताब्यात. तो मांडवाच्या कडेला, घोडीचा दोर हातात धरून उभा. त्याची बायको सिंधुबाई बायकांत बसलेली.

नाव आलं, टाळ्या पडल्या. चित्र एवढं स्वच्छ की लोक हरखले. यशवंतने घोड्यावरून शपथ घेतली, मोठ्या भोंग्यांतून आवाज असा निघाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. शांतीलाल पडद्याच्या बाजूला उभा, छातीवर हात बांधून. शपथ संपली. लोक सरसावून बसले, नदी येणार म्हणून. आणि नदी आलीच नाही. यशवंत एकदम दुष्मनांच्या वाड्यासमोर.

कुणी म्हणालं, अडकली. कुणी म्हणालं, भूपेश, मागे घे. भूपेश खाली मान घालून वायरी बघायला लागला. आणि त्या गोंधळात बायकांच्या घोळक्यातून तापीबाईचा आवाज आला. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. जी जागा रिकामी दिसली ती तिने सवयीने भरली.

“तुन्हा मालक सूड लेवाले जाई ऱ्हायना,” ती म्हणाली.

आणि अख्खा मांडव पुढचं बोलला. म्हसावद बोललं, सुरत बोललं, पंगतीत वाढणारे हातात तुपाची भांडी घेऊन बोलले. पडद्यावर शांतीलाल दुष्मनाला आव्हान देत होता, भोंगे पुरे उघडे होते, तरी त्याचा एक शब्द कुणाला ऐकू गेला नाही. लोकांना मग त्यातच मजा वाटू लागली. पुढची नदीही आली नाही, तीही त्यांनी स्वतःच म्हटली, हबका मारल्याची खूणसुद्धा हाताने केली. शांतीलालच्या छातीवरचे हात गळून खाली आले. त्याने आयुष्यभर जे मागितलं होतं ते त्याच्यासमोर घडत होतं. एवढी माणसं एका तोंडाने एकाचं बोलणं बोलत होती, आणि तो एकजण शांतीलाल नव्हता. कात्री लावूनही नव्हता.

सगळ्यांना वाटत होतं यंत्राने घोटाळा केलाय. एकट्या भिलाला कळलं. त्याने दोराला हाताभोवती एक वेढा दिला, शांतीलालकडे एकदाच पाहिलं आणि मग घोडीच्या आयाळीतले काटे काढायला लागला. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. ‘असू दे’ असं म्हणणारी होती.

यशवंतचं मरण आलं. भाषण आलं. लोक पाणी प्यायला उठून परत येऊन बसले तरी भाषण चालूच होतं. मग त्याने मान टाकली आणि पडदा काळा झाला.

दगूबाई म्हणाल्या, “आन् शेवटलं? ते कोठे शे?”

मग एकच कल्ला. मयूरी म्हणाली, ते असं होतं, चल घोडे, आता घरी जाऊ. दुसरी म्हणाली, घरी नाही, पाणी पिण्याचं काही होतं. एक सुरतेचा जावई उठून गुजरीत काहीतरी म्हणाला, त्याला सगळ्यांनी खाली बसवलं. वर्षानुवर्षं सगळ्या घरांत तिथंच अडकलेलं, खरं कुणाच्याच ध्यानात नव्हतं. शेवटी सगळे वळले भिलाकडे. सिंधुबाई म्हणाली, सांगा की आता, आढेवेढे काय घेता.

भिला गोरामोरा झाला. “मी काय बोलनू ते माले कोठे याद शे? घोडी बिथरी ऱ्हायनी व्हती, म्हनीसन बोलनू.”

दगूबाईंनी खुर्चीचा हात धरला आणि त्या उठू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं ताटावरून कुणाला उठवलंय. मयूरी त्यांना समजवायला लागली की आई, असंच काहीतरी होतं, ‘आता रडू नको, चल घरी’, असंच.

“असं नाही,” शांतीलाल म्हणाला.

त्याला ते सहन झालं नाही, एवढंच. भिलाचं कौतुक सहन होत नव्हतं, पण त्याचं वाक्य चुकीचं बोललेलं तर मुळीच सहन होईना. तो पडद्यापासून निघाला, माणसांमधून वाट काढत मांडवाच्या कडेला आला आणि भिलाशेजारी घोडीसमोर उभा राहिला. घोडीने कान मागे टाकले. शांतीलालच्या मांड्या आपोआप आवळल्या. मग त्याने नदीपल्याड जाणारा आपला तो आवाज कुठंतरी आत ठेवून दिला आणि तोंडातल्या तोंडात, अगदी गुळाचा खडा दाढेखाली धरल्यासारखं, तिला म्हटलं,

“उतरना तुन्हा भार. आते पानी पी. तुले रडनं व्हई ते रडी ले, मी तिकडे दखस.”

आणि तो खरंच दुसरीकडे पाहत उभा राहिला.

दगूबाई परत खुर्चीत टेकल्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सिंधुबाईने लावला. पंगतीला वाढणारा एक दाढीवाला गडी उगाच तुपाच्या भांड्यात बघत राहिला. मग टाळ्या पडल्या, तंबूत कधी पडल्या नव्हत्या अशा, आणि लोक ओरडले, वा भिलाभाऊ.

भिलाने हळूच विचारलं, “तुले बठ्ठं पाठ शे?”

शांतीलाल घोडीकडेच बघत होता. “काढताना सगळं ऐकावं लागलं,” तो म्हणाला.

भिलाने घोडीच्या मानेवर हात फिरवला. मग म्हणाला, “घोडीनी कान पुढे कयात, दख.” एवढं बोलून त्याने दोर शांतीलालच्या हातात दिला आणि बट्ट्यांचे निखारे विझले का बघायला गेला. शांतीलाल तसाच उभा. आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने घोडी धरून.

लग्न झालं. भूपेशने मूळ कॅसेटींवरून पुन्हा पूर्ण पिक्चर बांधला. त्याआधी लग्नाहून जाताना त्याने शांतीलालला विचारलं की सगळं जसंच्या तसं ठेवू ना. शांतीलाल म्हणाला, सगळं ठेव, आणि माझ्या भाषणाला हात लावू नकोस. मयूरीनेही त्याला दुजोरा दिला. म्हणाली, राहू दे, काकांचं भाषण सुरू झालं की आम्ही चहा टाकतो, बरोबर भिलाकाकांच्या वेळेला उकळतो.

आता शांतीलालच्या घरी पिक्चर लागतो. तो चपला घालून बाहेर जात नाही, खाटेवर बसून बघतो. पण शेवट आला की त्याला राहवत नाही. भिलाने पडद्यावर तोंड उघडायच्या आत, अर्ध्या श्वासाने पुढे, तो ते वाक्य स्वतः म्हणून टाकतो. निदान या घरात तरी ते पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकू यायला पाहिजे.

परवा भिला चहाला आला होता, तेव्हाही त्याने तसंच केलं. भिला बशीतला चहा फुंकत हसला आणि म्हणाला, “शांतीभाऊ, तू मन्हापेक्षा बरं बोलस.”

शांतीलाल सुखावला. मिशीवर बोट गेलं. आणि बशी खाली ठेवायच्या आत त्याला पुन्हा डंख बसला, की हे असं दुसऱ्याला बरं म्हणणंही या माणसाला किती सहज जमतं. आपल्याला एवढ्या वर्षांत एकदाही जमलं नाही.

“तापी,” तो बायकोला म्हणाला, “जरा मागे घे. माझं भिलाच्या पुढे झालं.”